जर्मन शिकताना: वही, कान आणि मधली भानगड

परकी भाषा शिकणाऱ्यांत दोन पार्ट्या असतात. एक म्हणते आधी व्याकरण पक्कं करा, तक्ते पाठ करा, मग तोंड उघडा. दुसरी म्हणते लहान मूल कुठे व्याकरण शिकतं, नुसतं ऐकत राहा, आपोआप येईल. मी जर्मन शिकताना दोन्ही पार्ट्यांत राहून आलेय आणि दोन्हीकडचा मुक्काम चांगला लांबला, त्यामुळे कुणी या विषयावर तावातावाने बोलायला लागलं की मला दोघांचंही अर्धं अर्धं पटतं आणि मी गप्प बसते. म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं.

सुरुवात क्लासमधून झाली, बहुतेकांची होते तशी. ए१, मग ए२, मग बी१ अशा पातळ्या. क्लास चांगला होता हे आधीच सांगते, कारण अशा लेखांत क्लासला शिव्या घालायची पद्धत आहे. शिकवणाऱ्या मॅडम मुद्देसूद होत्या, गृहपाठ खरंच तपासायच्या. सुरुवातीलाच डेअर-डी-डासचा, म्हणजे नामाच्या आधी लागून त्याचं लिंग सांगणाऱ्या शब्दांचा तक्ता आला, तीन लिंगं अधिक अनेकवचन आणि चार विभक्त्या असे सोळा खण. मराठी माणसाला तीन लिंगांचं काही वाटत नाही, आपलं सगळं आयुष्यच तो-ती-ते करण्यात जातं, फक्त ती आपल्या लिंगांशी जुळतील अशी अपेक्षा ठेवायची नाही. सूर्य तिकडे 'ती' आहे, चंद्र मात्र आपल्यासारखाच 'तो'. मुलगी म्हणजे मेडशन ही चक्क नपुंसक, कारण शेवटी लहानपणा दाखवणारा '-शन' लागला की शब्द नपुंसक होतो, यावर वर्गात सगळे हसले पण मला पाखरू, वासरू, कोकरू आठवले आणि हसू आलं नाही. -उंग, -हाइट, -काइट असा शेवट आला की स्त्रीलिंग, हे नियम तर मला आवडायचेच. मला मुळात तक्ते आवडतात. वहीत तीन रंगांची पेनं वापरून मी ते सोळा खण भरले होते आणि परीक्षेत मार्कही छान पडले.

मग मी एक टँडम पार्टनर शोधली. टँडम म्हणजे ती तुमची भाषा शिकणार, तुम्ही तिची, अर्धा वेळ या भाषेत अर्धा वेळ त्या भाषेत बोलायचं. मला जी भेटली ती जर्मन, नवरा मराठी, सासरच्यांशी बोलता यावं म्हणून मराठी शिकत होती. पहिल्याच कॉलवर मला एवढंच सांगायचं होतं की मी तुला काल फोन केला होता. आता आतमध्ये काय चाललं होतं बघा: फोन करणे म्हणजे आनरुफन, हे तुटणारं क्रियापद, भूतकाळात त्याचं आनगेरूफन होणार, सोबत सहायक क्रियापद हाबन की झाइन, गती नाही म्हणजे हाबन, 'तुला' इथे कर्म म्हणून अक्कुझातिफ विभक्ती म्हणजे डिश, डिअर नव्हे, काल हा शब्द मध्ये, आणि मुख्य क्रियापद पार शेवटी. इश हाबं डिश गेस्टर्न आनगेरूफन. वाक्य अगदी बरोबर तयार झालं, पण तोवर ती बिचारी 'हॅलो, आवाज येतोय का' म्हणत होती. गाडी सुटल्यावर तिकीट हातात घेऊन प्लॅटफॉर्मवर पोचावं तसं.

तेव्हा मला स्टीफन क्रॅशन सापडला. हा अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ, त्याने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडणी केली की भाषा शिकणं आणि भाषा आत्मसात होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियम पाठ करून जे मिळतं ते फक्त तपासनिसाचं काम करतं, त्याला तो मॉनिटर म्हणतो. आणि हा मॉनिटर चालायला तीन गोष्टी लागतात: वेळ पाहिजे, लक्ष अर्थापेक्षा शब्दाच्या रूपावर पाहिजे, आणि नियम माहीत पाहिजे. पेपर लिहिताना माझ्याकडे तिन्ही होत्या म्हणून मार्क पडले, कॉलवर पहिलीच नव्हती. बोलणं येतं ते आत्मसात झालेल्या साठ्यातून, आणि तो साठा होतो फक्त समजेल अशा भाषेच्या संपर्कातून, म्हणजे आपल्या पातळीच्या किंचित वरचं ऐकत-वाचत राहिल्याने. माझी अवस्था कुणीतरी आधीच लिहून ठेवलीय असं वाटलं आणि मी एका झटक्यात पार्टी बदलली. वही कपाटात गेली.

पहिले काही आठवडे सरळ जर्मन क्राइम सिरीज लावल्या. हे काही चाललं नाही. खून कुणाचा झाला एवढंच कळायचं, कारण तो दिसायचा. पॉल नेशन म्हणून शब्दसंग्रहावर काम करणारे संशोधक आहेत, त्यांच्या कामात ९८ टक्क्यांचा आकडा येतो, म्हणजे मजकूर कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायला पन्नास शब्दांत जेमतेम एक अनोळखी असलेला चालतो. माझं प्रमाण उलटं होतं म्हणा ना. मग खाली उतरले, शिकणाऱ्यांसाठी सावकाश बोललेले पॉडकास्ट, लहान मुलांचे कार्यक्रम, सोप्या केलेल्या गोष्टी, एकच भाग दोनदा तीनदा. आणि मग खरंच मजा यायला लागली. काम करताना, चालताना, भांडी घासताना कानात जर्मन. एकही नियम बघायचा नाही असं ठरवलेलं.

यातून जे आलं ते क्लासमध्ये जन्मात आलं नसतं, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. जर्मनमध्ये 'दोख', 'माल', 'हाल्ट', 'या' असे चिल्लर शब्द असतात. पुस्तकात त्यांच्यासाठी एक चौकट असते आणि प्रत्येकाचे चारपाच उपयोग दिलेले असतात, वाचून डोकं फिरतं. पण आपल्याला हे शब्द काय करतात ते माहीत असतं, कारण मराठी त्यांनी भरलेली आहे. ना, की, तर, बरं, जरा, हो. 'ये' आणि 'ये ना जरा' यात फरक काय हे सांगा बरं कुणाला नियमात! कोम माल हेअर ऐकलं की ते 'ये ना जरा इकडे' आहे हे शंभर वेळा ऐकून कळतं, आणि एकदा कळलं की तोंडातून आपोआप निघतं. 'तू येणार नाहीस?' ला नुसतं 'दोख!' म्हणजे 'येणार की!' हे मी कधी शिकले ते मला माहीत नाही, एक दिवस बोलून गेले तेव्हा कळलं की येतंय.

दुसरं म्हणजे पुस्तकात नसलेली भाषा ऐकू आली. 'वाइल' म्हणजे 'कारण', त्याच्यानंतर क्रियापद शेवटी जातं असं आम्हाला घोटवून घेतलेलं, वाइल इश क्रांक बिन, कारण मी आजारी आहे. आणि इकडे पॉडकास्टमधली अस्सल जर्मन माणसं बोलता बोलता बिनधास्त वाइल इश बिन क्रांक म्हणतात. लिहिताना नाही म्हणत, बोलताना म्हणतात. परीक्षेत हीच चूक म्हणून मार्क जातात, तर जाऊ देत, पण लोक असं बोलतात हे कळायला कानच लागतो.

आणि तिसरी गंमत अशी की काही गोष्टी कष्टाशिवाय येऊन बसल्या कारण त्या मराठीत आधीच होत्या. क्लासमध्ये सगळं इंग्रजीतून समजावलेलं, त्यामुळे 'आय अॅम कोल्ड' वरून आम्ही सगळे इश बिन काल्ट म्हणायचो. जर्मन म्हणतो मिअर इस्ट काल्ट, म्हणजे 'मला' थंडी वाजतेय. मिअर गेफेल्ट डास, 'मला' ते आवडतं. सगळं आपलंच! इंग्रजीच्या पुलावरून जायचं बंद केल्यावर, नुसतं ऐकताना, हे 'मला' मला स्वच्छ ऐकू यायला लागलं.

तर असे बरेच महिने गेले, समजणं भराभर वाढलं, बोलण्याची भीती गेली, कॉलवर मी तासभर बडबडायला लागले. आणि मग मी आमचा एक कॉल रेकॉर्ड करून ऐकला. (तिला विचारून.) माझं जर्मन ओघवतं होतं आणि शब्दांची शेपटं सगळी गायब. डेअर कुठे, डेम कुठे, डेन कुठे, काही पत्ता नाही, सगळीकडे एकच गुळगुळीत 'ड' सारखा काहीतरी आवाज. आणि मजा म्हणजे तिला सगळं समजत होतं, तिने एकदाही अडवलं नव्हतं.

याचं कारण नीट बघितलं तर सोपं आहे. मिट डेम बुस म्हणजे बसने. यात अर्थ कळायला मिट आणि बुस पुरतात. डेम झपकन, जोर न देता बोललं जातं, बोलताना ते नुसतं 'म'सारखं उरतं. आपलं डोकं अर्थाच्या मागे असतं, अर्थ मिळाला की पुढे जातं, जे अर्थाला लागत नाही ते ऐकतच नाही. मग तास कितीही घाला. कॅनडात इंग्रजी घरातल्या मुलांना सगळी शाळा फ्रेंचमधून शिकवायचे प्रयोग १९६५ पासून सुरू झाले, त्या मुलांचं पुढे असंच झालं: वर्षानुवर्षं फ्रेंचमधून शिकून समजणं फ्रेंच मुलांच्या तोडीला गेलं, पण बोलताना-लिहिताना लिंग आणि क्रियापदांच्या चुका राहिल्याच. त्यावरूनच तिथल्या भाषासंशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये म्हटलं की नुसतं ऐकणं पुरत नाही, बोलावंही लागतं, बोलायला गेलं की आपल्याकडे काय नाही ते कळतं. आणि रिचर्ड श्मिट या भाषासंशोधकाने हवाईला राहायला आलेल्या एका जपानी चित्रकाराचा अभ्यास १९८३ मध्ये छापला, त्याला तो वेस म्हणतो. हा वेस गप्पिष्ट, मित्रमंडळी भरपूर, इंग्रजीतून सगळे व्यवहार मस्त चालायचे, आणि तीन वर्षांत व्याकरण मात्र जवळपास जागच्या जागी. वाचताना मला माझं रेकॉर्डिंग आठवत होतं.

लहान मुलांचं उदाहरण देणाऱ्यांबद्दल इथेच एक बोलून घेते. मूल दिवसभर तेच करत असतं, त्याला ऑफिस नसतं, आणि एवढं करून चौथ्या वर्षीसुद्धा ते चुकीची रूपं बोलतं आणि सगळे त्याला गोड म्हणतात. मला कोण गोड म्हणणार? शिवाय नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजीभाषक कुटुंबांवरचा १९७८ चा एक अभ्यास आहे, त्यात सुरुवातीच्या महिन्यांत मोठी माणसं आणि किशोरवयीन मुलं लहानग्यांच्या पुढे होती, पोरं नंतर वर आली. म्हणजे मोठ्यांचं डोकं अगदीच निकामी नसतं.

माझं गाडं पुढे सरकलं ते टँडममधल्या मराठीच्या अर्ध्या तासात. तिने मला विचारलं, तू 'मी पत्र लिहिलं' म्हणतेस आणि मग 'मी चिठ्ठी लिहिली' म्हणतेस, लिहिणारी तर तूच आहेस, मग क्रियापद का बदललं? मी म्हटलं, अगं असंच असतं. ती म्हणाली, पण 'मी पत्र लिहिते' आणि 'मी चिठ्ठी लिहिते' मध्ये तर बदलत नाही. मी परत, अगं असंच असतं. आयुष्यभर एकदाही न चुकता वापरलेला नियम मला सांगता येईना. शाळेत कर्मणी प्रयोग घोकला होता, तोही भाषा येत असताना, मार्कांसाठी, त्यामुळे त्याचं इथे काही काम असेल हे डोक्यातच आलं नाही. शेवटी शोधून तिला सांगितलं की भूतकाळात अशा क्रियापदांत कर्म बघायचं, करणारा बघायचा नाही. तिने लिहून घेतलं आणि पुढच्या कॉलला काही ती बरोबर बोलायला लागली नाही, 'मी भाजी केला' वगैरे चालूच होतं. पण ती म्हणाली, काल सासूबाई फोनवर बोलत होत्या आणि मला सगळीकडे तेच ऐकू येत होतं, आधी कधीच ऐकू आलं नव्हतं.

हे मी पकडलं. मी व्याकरण बोलण्यासाठी शिकत होते, ते बोलताना मिळेना म्हणून टाकून दिलं. त्याचं काम ऐकण्यात आहे. नियम माहीत असला की कान त्या जागी थबकतो, आणि थबकला की ते रूप आत जायला लागतं. पुढे वाचताना कळलं की श्मिटने हेच १९९० मध्ये मांडलंय, ज्याची नोंद घेतली जात नाही ते आत जात नाही. तो स्वतः ब्राझीलमध्ये पोर्तुगीज शिकत होता तेव्हा त्याने डायरी ठेवली होती, थोडे दिवस क्लास, बाकी लोकांत वावर. त्याला दिसलं की वर्गात शिकवलेलं सगळं काही तो वापरत नव्हता, आजूबाजूच्या बोलण्यात जे त्याने स्वतः टिपलं तेच त्याच्या तोंडी आलं.

मग वही कपाटातून बाहेर आली, पण काम वेगळं. एका वेळी एकच गोष्ट घ्यायची. समजा मिट, बाय, फॉन, त्सू, आउस, नाख, झाइट, यांच्यानंतर कायम डातीफ, म्हणजे डेअर आणि डासचं डेम होतं ती विभक्ती. नियम वाचायला पाच मिनिटं. मग तीन मिनिटांचा ऑडिओ ज्याचा लिखित मजकूर मिळतो असा. पहिल्यांदा अर्थासाठी ऐकायचा, सुटलेलं वाचून घ्यायचं. अर्थाचा प्रश्न मिटल्यावर परत ऐकायचा आणि आता फक्त त्या जागा शोधायच्या. मजकुरात डेम लिहिलेलं असतं आणि कानाला नुसतं 'मिट्म' येतं, परत लावायचं, परत, आणि कधीतरी तो 'म' सुटा होऊन ऐकू येतो. एकदा आला की मग जात नाही. त्यानंतर दिवसभर जे काही ऐकू त्यात तो येतच राहतो, मुद्दाम शोधायचा नाही. बोलताना तो लगेच येत नाही आणि मी आणायचा प्रयत्नही करत नाही, बऱ्याच दिवसांनी तो निघतो, आधी ठरलेल्या जोड्यांत, मिट डेम, त्सूम, बाइम, मग हळूहळू बाकी ठिकाणी.

याला वेळ किती लागतो ते रूपारूपावर आहे, आणि इथे व्याकरणाच्या पार्टीने एक गोष्ट ऐकायला हवी. जर्मनची वाक्यरचना परके लोक साधारण ठरलेल्या क्रमानेच उचलतात, आधी सरळ कर्ता-क्रियापद, मग तुटणारे भाग शेवटी टाकणं, मग 'आज' वगैरे पुढे आल्यावर क्रियापद आणि कर्ता उलटवणं, आणि गौण वाक्यात क्रियापद शेवटी नेणं सगळ्यात नंतर. मानफ्रेड पीनेमान या भाषाशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये जर्मन शिकणाऱ्या इटालियन मुलांवर करून दाखवलं की उलटवणं शिकवलं तर ज्यांची आधीची पायरी झालेली आहे त्यांनाच ते लागू पडतं, बाकीच्यांना कितीही शिकवा, बोलण्यात येत नाही. मला वाटायचं मराठीत क्रियापद शेवटीच असतं म्हणजे गौण वाक्यं आपल्याला फुकट मिळणार. कळायला फुकट मिळाली, हे खरं. बोलायला मात्र रांगेतच उभं राहावं लागलं.

शब्दांच्या कार्डांचंही तसंच. अंतर वाढवत उजळणी करून देणारं अॅप मी रोज वापरते, शब्द नेहमी डेअर-डी-डाससकट. बोलताना अर्ध्या वेळा लिंग चुकतं ते चुकतंच. पण कुणी दुसरं बोलताना डी झोनं (म्हणजे सूर्य) ऐकलं की आत कुठेतरी टिक होतं, कार्ड केलं नसतं तर तो डी हवेत गेला असता. जे लोक म्हणतात कार्ड करून बोलता येत नाही त्यांना मी म्हणते, बरोबर आहे, मी त्यासाठी करतच नाही.

लिहिण्याचं खातं वेगळं. ईमेल लिहिताना मी सोळा खणांचा तक्ता अजूनही उघडून बसते, तिथे वेळ असतो, क्रॅशनचा तपासनीस तिथे मस्त पगार कमावतो.

सध्या कॉन्युंक्टीव्ह एकवर आहे. दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट आपण सांगताना क्रियापदाचं एक वेगळं रूप वापरतात, तो आजारी आहे असं मंत्री म्हणाले, तर तिथे इस्टच्या जागी झाय. म्हणजे बातमीवाला हात झटकून मोकळा, हे मी नाही म्हणत, ते म्हणाले. जर्मन बातम्या मी कधीपासून ऐकतेय आणि हा झाय मला एकदाही ऐकू आला नव्हता, आता एका बुलेटिनमध्ये डझनभर येतात आणि कोण काय नुसतं 'म्हणालंय' आणि बातमीदाराने स्वतः काय सांगितलंय ते वेगवेगळं कळतं. टँडम पार्टनरला सांगितलं तर हसली, म्हणाली आम्ही घरात बोलताना हे फारसं वापरत नाही, तू कशाला शिकतेस? तिला म्हटलं, मला कुठे बोलायचंय.